कंपनी वेगळी, मी वेगळा

४ मार्च
दादाच्या जुन्या मालकाची गाडी दिसली. तीच गाडी, तोच पोचा आलेला दरवाजा. फक्त कंपनीचं नाव नवं रंगवलंय. डोकंच सटकलं.

दादा तिसऱ्या मजल्याच्या काचा पुसताना दोर तुटून पडला, तेव्हा हाच माणूस हॉस्पिटलात संत्री घेऊन आला होता. म्हणाला, "कंपनी वेगळी, मी वेगळा. कंपनीत दमडी उरली नाही, मी तरी काय करू?" महिन्याभरात कंपनी बंद. आता ही दुसरी. संत्री पण आंबट होती मेल्याची.

दादा म्हणतो, "सोड गं भिंगरी." त्याचा पाय वाकत नाही आणि म्हणे मी सोडू!

५ मार्च
मीही काचाच पुसते – एकटी, एक शिडी, दोन बादल्या. ठरलं. आपणही मर्यादित कंपनी काढायची. त्याची गिऱ्हाइकं पळवायची आणि अंगाशी आलं तर त्याच्यासारखंच हात झटकायचे.

९ मार्च
कंपन्यांची नोंदणी करून देणाऱ्या बाईंकडे गेले. वाटेत घड्याळं दुरुस्त करणारा बसला होता, त्याच्यापाशीच तास गेला. घड्याळाचं पोट उघडलं की काय दिसतं! बाई वैतागलेल्या.

"आत्ता तू आणि तुझा धंदा एकच," म्हणाल्या. "बादली कुणाच्या डोक्यात पडली तर भरपाईपायी तुझं घरही जाईल. कंपनी असली तर कंपनीत घातलंस तेवढंच जातं."

"घर दादाच्या नावावर आहे."

"मग वाचवायचंय काय? बादल्या?" हसल्या. "आणि तुझ्याच हातून बादली सुटली तर कंपनी असूनही तुझ्यावर दावा होतो. वर दरवर्षीचे हिशेब, कागद. तू आधी विमा काढ, बाई."

"मग आमचा मालक कसा सुटला?"

"सुटतात. पण नव्या कंपनीला नुसत्या नावावर कर्ज कोण देतं? कुणाची तरी वैयक्तिक हमी मागतात. हमीवर सही करणारा कंपनीबरोबर बुडतो."

घरी येताना अंगात वारं शिरलं होतं. मालक उंच इमारतींना टांगायचा यांत्रिक पाळणा घेतोय. कर्जावर! त्याच्या ड्रायव्हरनेच सांगितलं.

१० मार्च
विमा काढला. कंपनी नको. मला स्वतःला वाचवायचं नाहीये, त्याला बुडवायचंय.

२१ मार्च
मालकाचं पहिलं गिऱ्हाईक पळवलं – दवाखाना. तिथले व्यवस्थापक काका म्हणाले, "तो तुमच्यातला उंच मुलगा पडला होता, बरा आहे का?" "नाही," म्हटलं. पुढे काही बोलावंच लागलं नाही.

घरी ताकास तूर लागू दिली नाही. दादा मोडता घालेल.

१२ एप्रिल
शाळाही आली. मालकाकडे काचा पुसणाऱ्या दोघीजणीही माझ्याकडे कामाला आल्या. "नवे दोर देशील ना?" एवढंच विचारलं त्यांनी. दिले.

दादाला कुठेतरी खुर्चीतलं काम लागलंय. कुठे, ते सांगत नाही. "जम बसू दे, मग सांगतो." बसू दे बापडा.

३० मे
मॉलही गेला त्याच्या हातून. झोप कशी छान लागते हल्ली.

१८ जून
पाळणा ओढून नेला! हप्ते थकले. ड्रायव्हरला चहा पाजला आणि सगळं दोनदा सांगायला लावलं. पाळणा विकून कर्ज फिटायचं नाही, उरलेलं हमीवाल्याकडून वसूल करणार. आणा म्हणावं आता संत्री.

१९ जून
कर्जवाल्यांचा माणूस सकाळी आला. आमच्या दारात. हमीवर सही दादाची आहे.

"खुर्चीतलं काम दिलं त्यानं," दादा म्हणाला. "एक सही लागते म्हणाला. म्हटलं, पगार आला की तुला तरी दोरावर चढू द्यायचं नाही."

मी घर बघत बसलेय.