दहापर्यंत गप्प बसायचं ट्रेनिंग

तीर्थस्वरूप वच्छलाआत्यास,

पडेगावहून भाची प्रेरणाचा पाया पडून नमस्कार. आम्ही सगळे धडधाकट आहोत, मामंजीसुद्धा. (हे मुद्दाम लिहिते, कारण अर्ध्या फुलंब्रीला ते अजून पटलेलं नाही.) तुझं मंगळवारचं डायलिसिस नीट झालं का? पायांची सूज उतरली का? पाणी मोजूनच पितेस ना?

तर झालं असं, की दवाखान्यात आम्हा सिस्टर आणि डॉक्टर लोकांचं दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. दुखणं मोठं असलं की पेशंटला पुढचं कसं विचारायचं, हा विषय. बोलता आलं नाही तर तुमच्या वतीनं कोणी बोलायचं, मशीनवर ठेवायचं की नाही, शेवटी कुठं राहावंसं वाटतं, असलं सगळं. शिकवणाऱ्या मॅडमचे नियम दोनच. ‘काही होत नाही’ असं म्हणायचं नाही, आणि विचारून झालं की मनात दहा आकडे मोजत गप्प बसायचं. आमचे मोठे डॉक्टर दोनवरच फुटले (प्रश्न त्यांनीच विचारला, उत्तर त्यांनीच दिलं, वर गोळ्याही लिहून दिल्या). मी चारपर्यंत पोचले. पेशंट झाले होते रिटायर व्हायला आलेले वॉर्डबॉय कचरूभाऊ. तुम्हाला पुढं काय हवंसं वाटतं, असं विचारल्यावर त्यांनी पडल्या पडल्या सांगितलं, दिवाळीची सुट्टी.

घरचा अभ्यासही होता, महिन्याभरात आपल्या माणसाला विचारून यायचा. मी सासऱ्यांना धरलं. शेळ्यांना चारा टाकून ते बशीत चहा ओतत होते. मामा, उद्या तुम्हाला बोलता आलं नाही तर तुमच्या वतीनं कोणी बोलायचं, असं विचारलं आणि नियमाप्रमाणे गप्प बसले. तिथंच घात झाला. दवाखान्यातली सून असं विचारते आणि वर गप्प बसते, म्हटल्यावर माणसानं समजायचं काय? त्यांनी बशी खाली ठेवली, धुतलेलं धोतर नेसलं आणि फुलंब्रीच्या भावाला फोन लावला. दुपारपर्यंत दोन जीपा भरून भावकी दारात. केळी, शहाळी, बिस्किटांचे पुडे. जो तो मामंजींना ‘काही होत नाही तुम्हाला’ म्हणायचा आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारायचा, किती दिवस? मी ट्रेनिंगचं सांगितलं तर चुलतसासू म्हणाल्या, पोरीचं मन लई मोठं, लपवायलीय. मामंजी आधी घाबरले होते, पण चौथ्या शहाळ्यानंतर तक्क्याला टेकून पाय दाबून घेऊ लागले.

सगळे गेल्यावर मात्र त्यांनी मला जवळ बोलावलं. “माझ्या वतीनं तूच बोल. पोरं नुसती रडतील. मला मशिनीला बांधू नका, शेळ्या दिसतील असं ठिवा.” मला रडू आलं, आत्या.

सत्यमदादाला नमस्कार.

तुझी,
प्रेरणा

ता.क. मॅडमनी माझा अभ्यास परत केला. खरोखर आजारी असलेल्या माणसाला विचारा, असं त्यांनी सांगितलं होतं. माझ्या वहीत पहिल्या दिवसापासून तुझंच नाव होतं. पण गेले तीन रविवार बिडकीनला तुझ्या खाटेशी बसून मीही ‘काही होत नाही, आत्या’ असंच म्हणाले. फोन सत्यमदादा स्पीकरवर ठेवतो आणि आईला काही सांगू नको म्हणतो. म्हणून हे पत्र बिस्किटांच्या पिशवीत तळाशी घातलंय. चष्मा लावून तूच वाच. (केळी, शहाळी तुला चालत नाहीत, ती आम्ही संपवली.)

आणखी एक. रविवारी येते. तुला काय हवं ते विचारीन आणि गप्प बसेन. पण चारच्या पुढं माझा धीर टिकत नाही, तेव्हा तू तीनवरच बोलायला लाग.