तारांवरचा हात

२४ ऑक्टोबर

गेल्या महिन्यात माझा नवरा वेल्को वारला, त्या सकाळी मी बाल्कनीत मिरच्या भाजत होते. पहिली खेप उतरवली, सालं काढायला घेतली. आतून वेल्को ओरडला, "स्तोयना, माझा चष्मा कुठंय?" मी म्हटलं, "नाकावर बघ!" मी सगळ्या मिरच्या सोलूनच आत गेले. सोल्डरिंग गन अजून गरम होती. तो नव्हता.

टेबलावर दुरुस्तीला आलेली रादोमीरची बास गिटार उघडी पडली होती. अजून तशीच आहे. नोव्हेंबरात त्याला एका लग्नात वाजवायचंय. आज वेल्कोची वही काढली.

२५ ऑक्टोबर

एका पानावर जोडणीच्या तीन आकृत्या. टोनच्या बटणाचा कंडेन्सर व्हॉल्यूमच्या आधी जोडला, तर आवाज उतरवला की त्याची धारही जाते. नंतर जोडला, तर धार टिकते. तिसरीत टोनच नाही — तिच्यावर फुली! दुसरीखाली रादोमीरचं नाव. तीच केली. सोल्डरचे तीन डाग बिघडले, चौथा बसला.

२६ ऑक्टोबर

जोडणी झाली की वेल्को गिटार काही दिवस अ‍ॅम्प्लिफायरला लावून ठेवायचा. कच्चा सांधा असला तर खरखरतो. मीही ठेवली. खरखर नाही, नुसती घुमते. तारांना हात लावला की गप्प, काढला की पुन्हा सुरू. त्याचं कारण पुस्तकात वाचलंय.

अकरा वाजता मी स्वयंपाकघरात घेवडा निवडत होते. घुमणं थांबलं. मिनिटभर. मग पुन्हा.

२७ ऑक्टोबर

पुन्हा अकराला. फ्रिज बंद पडला की थांबत असेल म्हटलं, पण तो चालूच होता.

२८ ऑक्टोबर

आज दारात उभी राहून पाहिलं. तारांजवळ कुणी नाही. थांबलं. "आलास का?" म्हणाले — मोठ्यानं!

२९ ऑक्टोबर

वेल्कोचा चाळिसावा दिवस. रीतीप्रमाणे गहू शिजवून शेजाऱ्यांना वाटला. दारावर लावलेला, त्याच्या फोटोचा मृत्यूच्या बातमीचा कागद बदलला. शेजारची दोचा म्हणाली, "चाळीस दिवस माणूस घरातच असतो गं. आज निरोप दे, म्हणजे जाईल." दिला.

३० ऑक्टोबर

थांबलं! दोचाला सांगितलं. तिनं कॉफीचा कप खाली ठेवला. "वेल्को तर गेला, स्तोयना. मग हे कोण येतंय?"

काय बाई बोलते!

३१ ऑक्टोबर

टोनचं बटण पूर्ण उघडं. मी बंद ठेवते, वेल्को ठेवायचा तसं. विसरले असेन.

१ नोव्हेंबर

पुन्हा उघडं. काल मी स्वतः बंद केलं होतं.

दुपारी रादोमीर आला. "काकू, घुमतेय फार. आतून तांब्याचा पातळ पत्रा लावा, एकदम गप्प होईल." पत्रा लावला तर घुमणार नाही. घुमलं नाही तर थांबणार काय? वेल्को आल्याचं मला कळणार कसं? म्हटलं, दोन दिवस दे. तो म्हणाला, "दोन-दोन करत माझंच लग्न उरकेल!"

बटण पाहून तो हसला. "बाबांसारखं उघडं ठेवलंत की!" ही गिटार त्याच्या वडिलांची, दिमोची. वसंतात वारला तो. "वेल्कोकाका ओरडायचे, दिमो, कान फोडशील! आणि बाबा म्हणायचे, तुला झाकून वाजवायचंय तर घोंगडी घे!" मीही हसले. मग तो म्हणाला, "बाबा बेकरीतनं आले की अकराला वाजवायला बसायचे. रोज. ते गेले तेव्हा मी जहाजावर नोकरीला. त्यांच्या चाळिसाव्यालाही पोचलो नाही, काकू. घरात दुसरं कोण होतं निरोप द्यायला?"

त्याला कॉफी दिली.

३ नोव्हेंबर

वेल्को एकदाही आला नव्हता.

काल सकाळी गिटार घेऊन रादोमीरकडे गेले. पत्रा लावला नव्हता. अकराला दहा कमी असताना अ‍ॅम्प्लिफायर सुरू करून दिला, त्याला समोर खुर्चीवर बसवलं, आणि बाहेरून दार ओढून घेतलं.