नळीतला हात

६ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

नेहमीप्रमाणे ह्यांच्या नकळत लिहितेय. तुमच्या धाकट्या दिरांचा डावा हात परवापासून कागदाच्या नळीत आहे. घड्याळदुरुस्तीचं दुकान लेकीच्या हवाली केल्यापासून ह्यांना कागदी रॉकेटांचा नाद लागलाय, हे कळवलंच होतं. एरवी नळ्या लाटण्यावर गुंडाळतात. या खेपेला जाड नळी हवी होती. त्या मापाचं घरात काही सापडेना, तेव्हा स्वतःचा हातच घेतला. मनगटाशी बारीक पडतो म्हणून तिथं फडकं बांधलं आणि खाकी कागदाचे नऊ वेढे खळ लावून दिले. आत मेणकागद घालायचा राहिला. आता नळी खडखडीत वाळून केसांसकट चिकटलीय. मी कात्री काढली, तर हे कपाटामागे जाऊन उभे राहिले. म्हणे, एकही सुरकुती नसलेली ही पहिलीच नळी आहे! शेजाऱ्यांना हाड मोडल्याचं सांगितलंय. ते फळं आणून देतात. उपाय सुचवा.

माया आहे तशीच राहू द्या.
धाकटी

९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

घोटाळा झाला. तुझं पत्र वाचून मला हसू आवरेना. ह्यांनी कारण विचारलं. घाबरून मी भावजींचा हात मोडलाय एवढंच बोलून गेले. भावाचा हात मोडला आणि तू हसतेस, म्हणून ह्यांनी मला फैलावर घेतलं. मग इस्पितळात तीस वर्षं प्लास्टर कापलेली ती दांडगी कात्री पिशवीत टाकली. वडिलांच्या आरामखुर्चीवरून भांडून सहा वर्षं भावाचं तोंड न पाहिलेला माणूस, सदऱ्याची बटणं वरखाली लावून बसस्टँडवर गेला. पत्र वेळेत पोचणार नाही, तरी लिहिते. नळी लपव. हात लपवता आला तर तोही.

तुला आठवणारी,
थोरली

१६ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मोठ्या भावजींच्या मागून दोन दिवसांनी आलं. त्यांनी दारातच नळीवर बोट वाजवलं आणि हे प्लास्टर नव्हे, असं निदान केलं. कात्री उघडली. तेव्हा हे सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले. कापलंस तर बघ, म्हणाले. भावजी खाली बसले. नळी फिरवून फिरवून पाहिली आणि वेढे सारखे आलेत, असं हळूच कबूल केलं. मग चमच्याचमच्याने कोमट तेल आत सोडत, अख्खी दुपार भावाचा हात मांडीवर घेऊन बसले. शेवटी मी ह्यांना कमरेला धरलं, भावजींनी नळी ओढली आणि आम्ही तिघंही आपटलो. नळी शाबूत. हात मात्र तुळतुळीत.

काल मैदानात त्याच नळीचं रॉकेट उडवलं. ते तिरपं होऊन घरांच्या छपरांवरून गेलं ते गेलंच. दोघं चार गल्ल्या धावले. पंख भावजींनी कापले म्हणून तिरपं गेलं, असं ह्यांचं म्हणणं. टोक ह्यांनी केलं म्हणून, असं भावजींचं. भांडून दोघांचेही घसे बसलेत. एक तरी रॉकेट सरळ गेल्याशिवाय भावजी तिकडे परतणार नाहीत म्हणतात.

तेव्हा तुम्हीच या. येताना त्यांचा वाचायचा चष्मा आणा. आता चोरून लिहायचं कारण उरलं नाही. पण इतक्या वर्षांत तुमच्याशी समोरासमोर बोलायची सवय मोडलीय. जमलं नाही, तर बाहेरच्या खोलीत बसून मला पत्र लिहा. मी आतून उत्तर देईन.

वाट पाहणारी,
धाकटी