राखणदाराचा ढीग

१ नोव्हेंबर १९७४, शुक्रवार

नागपूरकरांनो! ज्या गोंड राजांनी हे शहर वसवलं, त्यांच्यावर तुमच्या शाळेच्या पुस्तकात किती ओळी होत्या? दिल्लीचे बादशहा तुमच्याकडून घोकून घेतले आणि घरचा राजा अंगणात ताटकळत ठेवला. हा अपमान किती दिवस गिळणार?

ही माझी सुरुवात. सकाळी साताऱ्याहून येऊन पोचलो आणि वळकटी सोडण्याआधी आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिली. उत्तम वठली. रविवारच्या नगरदर्शन बसचा मी नवा गाईड. खोली शहराबाहेर वाडी गावात, दोन गोदामांच्या मधे. दिवसभर ट्रकांचे भोंगे, हमालांची हाकाटी. मला त्याचं काही नाही. माझा आवाज त्याच्या वरून जातो. हा आवाज हीच माझी इस्टेट. त्यावर मी सभा जिंकल्या, शत्रू केले आणि पोट भरलं.

संध्याकाळी बसचा ड्रायव्हर रुपराव संत्री घेऊन भेटायला आला. माझी सुरुवात ऐकून म्हणाला, राजाचं ठीक आहे गुरुजी, पण लोकायले जेवण कुठं आहे ते पहिले सांगा.

३ नोव्हेंबर, रविवार

रुपराव खरा निघाला. महाल भागातला किल्ला होईपर्यंत निम्मी बस पेंगत होती. शेवटचा मुक्काम वाडीच्या पुढची राणीची गढी. गोंड राणीची ही गढी एका वेढ्यात पडली. आता एक प्रचंड दरवाजा, त्याच्या पोटातली पहारेकऱ्यांची देवडी आणि बाहेर मोहाच्या झाडाखाली दगडांचा एक ढीग, एवढंच उरलंय. मी राणीचं शौर्य सांगत होतो आणि लोक मला मुतारी विचारत होते.

शेतातून येणाऱ्या बाया जाताजाता त्या ढिगावर एकेक दगड टाकत होत्या. रुपरावला विचारलं. म्हणाला, राखणदाराचा ढीग म्हणतात, याच्याहून जास्त मले नाही माहीत.

मला मात्र लख्ख कळलं. वाचलेलं कधी वाया जात नाही. जगात कितीतरी ठिकाणी गद्दारांच्या थडग्यावर येणाराजाणारा दगड मारतो. आणि गढी आतून दार उघडल्याशिवाय पडते का कधी? राखणदार फितला! माझ्या राणीचा मारेकरी सापडला.

१० नोव्हेंबर, रविवार

आज कुणी पेंगलं नाही. राखणदाराने मुठीत मोहरा घेऊन अडसर कसा काढला, ते मी असं सांगितलं की एका बाईंनी कानांवर हात ठेवले. मग मी ढिगाकडे बोट केलं. उचला दगड! शतकांचा सूड आज आपल्या हातात आहे!

सगळ्यांनी फेकले. एका जाड भिंगांच्या मावशींनी दोनदा. दुसरा गारगोटीचा पांढराशुभ्र दगड त्यांनी दिराच्या नावाने हाणला, आणि बस हसून लोटपोट झाली. परतताना टाळ्या थांबेनात. रुपराव म्हणाला, गुरुजी, तुम्ही तर मेल्या माणसाले घाम फोडला गा.

१३ नोव्हेंबर, बुधवार

घसा खवखवतो. खानावळीच्या भातात खडे असावेत, दाताखाली कचकचतात. मालकाला चांगलं सुनावलं. त्याने माझ्यादेखत तांदूळ पुन्हा निवडून घेतला. तरी कचकच आहेच.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज बस भरून वाहिली. भाषण चढलं. दगडांचा पाऊस पडला. पण ढीग वाढलेला नाही. एवढे दगड जातात कुठे?

रामदासपेठेतल्या एका इस्पितळाच्या नर्सेस आल्या होत्या. त्यांतल्या शामला मडावी या बाईने दगड फेकला नाही. पुढे जाऊन, वाकून, दोन्ही हातांनी ठेवला. मग सगळ्यांदेखत माझ्यापुढे उभी राहिली. म्हणाली, हा माणूस आमच्या घराण्यातला. यानं दार उघडलं नव्हतं. अडसर तुटला तशी दाराले पाठ लावून उभा राह्यला, अन् भिंत पडली तिच्याखाली तसाच गेला. अजून दार धरून आहे असं आम्ही मानतो. त्याचा एकट्याचा जोर पुरणार नाही, म्हणून जाणारायेणारा आपला एक दगड ठेवते. ठेवते, गुरुजी. फेकत नाही.

मी म्हणालो, बाई, निष्ठावंताला लोक जेवणापर्यंत विसरतात, गद्दाराला विसरत नाहीत. मला लोक जागे करायचेत.

ती हसली. लोकं जागे नाही झाले, म्हणाली, तो झाला. पुढच्या रविवारी इथंच, याच लोकायसारख्या लोकायपुढं, आपला शब्द परत घ्या. नाहीतर राखणदार तो आपल्या हातानं घेईन.

भर सभेत मला असं कुणी बोललेलं नाही. मी माघार घेणार नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी खोकल्याबरोबर खडा पडला. मग दुसरा. मग एक मोठा, घशाची साल काढत. धुऊन पाहिला. गारगोटीचा. पांढराशुभ्र.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आवाज गेला. चहा मागायलाही फुटत नाही. शामलाच्या इस्पितळात गेलो. डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि मी दगड का गिळले ते विचारलं. छातीत ढीग दिसतो. तोच आकार.

शामला फोटो धरून उभी होती. मी पाटीवर लिहिलं: माघार घेतो. ती म्हणाली, मी येते रविवारी. बाजूले उभी राहीन. भिऊ नका.

२४ नोव्हेंबर, रविवार

दरवाज्यापाशी पोचताच आवाज परत आला. मोकळा, भरदार. डोळ्यांत पाणी आलं. शामला शेजारी होती. मी म्हणायला गेलो: हा राखणदार निष्ठावंत होता. तोंडातून आलं: हा गद्दार होता! तेच भाषण. शब्द न् शब्द. पूर्वीपेक्षा सरस. ओठ मिटायला दोन्ही हात लावले, हात बाजूला झाले आणि बोट ढिगाकडे गेलं.

लोकांनी फेकले. प्रत्येक दगड ढिगावर पडला आणि माझ्या छातीत लागला. शामला ओरडत होती, पण माझ्या आवाजापुढे तिचा कुणाला ऐकू येईना.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

श्वास घेताना आत दगड सरकतात. जायला निघालो होतो. स्टेशनात तिकीट मागायला तोंड उघडलं. माती पडली.

रुपराव आला. शाबासकी देत होता. काल म्हणे सीताबर्डीवर उभा राहून मी रविवारसाठी लोक बोलावत होतो. काय आवाज लागला होता गुरुजी, म्हणाला.

मी काल खोलीत होतो.

१ डिसेंबर, रविवार

देवडीत आहे. दाराला आतून पाठ लावून लिहितो—

यायचं नव्हतं, पण पाय आपोआप बसमध्ये चढले. आज भाषणात बोट ढिगाकडे गेलं नाही. वळलं. माझ्या छातीवर आलं. माझाच आवाज म्हणाला, हा बघा, ज्याने मेलेल्याची अब्रू विकली! उचला दगड!

उचलले. मीच शिकवलेले लोक. रुपरावने पहिला मारला. रडत होता. काहून केलं गा गुरुजी, काहून, म्हणत होता आणि मारत होता.

शामलाने मला इथे ढकललं. ती बाहेरच राहिली—

आवाज बाहेर आहे. माझ्याशिवाय बोलतोय. टाळ्या पडतात. किती सुरेख बोलतो—

दार हलतं. माझा एकट्याचा जोर पुरत नाही. शेजारी कुणीतरी पाठ लावून उभं आहे. खांदा लागतो. थंड. तो धरतोय की—

नाही. तो बाजूला होतोय—

वाचणाऱ्या, तू कुणीही अस. या दरवाज्यापाशी ये. एक दगड उचल. कुणी कितीही गोड आवाजात सांगो, फेकू नकोस. वाक. दोन्ही हातांनी, हळूच, त्याच्या ढिगावर ठे—