एकच घास

प्रिय बाबा,

परवा तुमचं वर्षश्राद्ध आहे. सकाळीच आमच्या ठाकुर्लीच्या शेजारच्या काकूंचा फोन आला, "अगं सुमे, गाईचं पान घेऊन खडवलीला बाबांच्या घरी कधी येऊ?" त्यांना काय सांगू ते सुचेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

चांदी गेली, बाबा. तुमची डांगी गाय. तुमच्या तेराव्यानंतर तिसऱ्याच दिवशी. वर्षभर तुमच्या फोटोकडे बघूनही हे सांगायचा धीर झाला नाही.

केवढी काटक होती ती! तेलकट कातडीवर पाऊस घेत दिवसभर माळावर चरायची. मी म्हणायचे, अहो, आत बांधा तिला. तुम्ही हसायचात. "पावसाने काय नाय होत तिला. शिजवलेल्या भाताने होईल."

पितृपक्षात डोंबिवलीपासून लोक पानं घेऊन यायचे आणि तुम्ही काठी घेऊन दारात उभे! प्रत्येक पानातला एकच घास चांदीला, बाकीचं पान परत. "तुमच्या पितरांना पोचलं हो. आता माझ्या गाईचं पोट सांभाळू द्या." मला इतकी लाज वाटायची! एकदा तर तोंडावर बोलले, "लोकांची श्रद्धा असते, बाबा. हाकलता काय?" त्यावर तुम्ही गप्प. का गप्प बसलात? दोन शब्द रागवायचं तरी!

तेराव्याला दारात कोणीच नव्हतं. येईल तो पान ठेवत गेला. भात, वडे, खीर. सगळ्यात मोठं पान माझं होतं. शेवटच्या आठवड्यात तुमच्या पोटात अन्न ठरलं नव्हतं ना, म्हणून मी पुन्हा भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिने पेंढ्याला तोंड लावलं नाही. रवंथ थांबलं, डावी कूस फुगली, मग ती बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं हिने?"

"बाबांचं तेरावं," एवढंच मला बोलता आलं.

तिची कालवड आहे, बाबा. आईसारखीच पावसात उभी राहते. एरवी गावातले बघतात तिच्याकडे, पण दर रविवारी खडवलीला येऊन मी स्वतः तिचं गवत कापते.

परवा तुमची काठी घेऊन मी दारात उभी राहीन. काकूंचा एक घास घेईन, बाकीच्यांचाही एकेकच. माझ्या पानातला तेवढाही नाही. तुमच्या नावाने तिला हिरवं गवत घालीन. त्यातच पोट भरून घ्या.

तुमची भांडखोर,
सुमी