आईच्या गादीखालील वाळूस माल समजू नये म्हणून

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
वाहन परवाना कार्यालय (मागील आवार).

विषय : स्टेशन वॅगनचे बळकट केलेले मागील पाटे कायम ठेवणे व गाडीतील वाळू हा गाडीचाच भाग मानणे याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, जी काचेवर डिंकाने चिकटवली आहे व निघत नाही.
२) आपल्या शिपायाने दिलेला तोंडी सल्ला.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी फरशी बसवण्याचा धंदा करतो. माझी करडी स्टेशन वॅगन गेल्या मंगळवारपासून आपल्या आवारात जप्त असून तिच्या टपावर आपली मांजर झोपते. मांजरीबद्दल तक्रार नाही.

१. फरशीच्या पेट्यांनी गाडी मागून बसत असे व आमच्या रस्त्यावर तिचे पोट दगडांना घासत असे. म्हणून मी मागच्या स्प्रिंगांत जास्तीचे जाड पोलादी पाटे टाकले व शॉकॲब्सॉर्बरही भारी बसवले. आपल्या नोटिशीत, 'अभिलेखानुसार सदर रस्ता गतवर्षी गुळगुळीत झाला असल्याने खडबडीत रस्ता हे कारण ग्राह्य नाही' असे नमूद आहे. रस्त्याला ही बातमी अद्याप कळलेली नाही. रुग्णवाहिकेचा चालकही कोपऱ्यावरूनच परत फिरतो. त्याने बहुधा अभिलेख वाचला नसावा.

२. माझ्या आईचे दुखणे मणक्यात उतरले आहे. दर मंगळवारी तिला गाडीत मागे गादीवर आडवे करून इस्पितळात न्यावे लागते. पहिल्या खेपेस गादीखाली फरशीच्या पेट्या होत्या आणि आई वाटेत चक्क झोपली. तिला तपासत होते तेवढ्यात मी पेट्या गिऱ्हाइकाकडे उतरवून आलो. परतताना पहिल्याच खड्ड्यात आई जी ओरडली, ते ऐकून मला पुढे गाडी चालवता येईना. गॅरेजच्या मिस्त्रीने नंतर खुलासा केला की, हे पाटे ओझ्यासाठी आहेत, ओझे नसले की ते लाथा मारणारच, आणि आईंचे वजन ते काय!

३. सबब मी गादीखाली वाळूची पोती ठेवू लागलो. आपल्या पथकाने नाक्यावर 'विनापरवाना वाळू वाहतूक' असा शेरा मारून पोती उतरवून घेतली. सदर वाळू घरून इस्पितळात जाते व तीच घरी परत येते. असा धंदा करून कोणी गबर झालेला आपल्या पाहण्यात असल्यास कळवावे. पुढच्या खेपेस मी वाळूऐवजी थोरले मामा, धाकटी मावशी व तिचे यजमान यांना मागे बसवले. निवड केवळ वजनावरून केली होती, हे मावशीला कळले असून ती माझ्याशी बोलत नाही. त्यावर 'विनापरवाना प्रवासी वाहतूक' म्हणून गाडीच जप्त झाली. आईला तिथून घरी कसे नेले, ते कृपया विचारू नये.

४. जुने पाटे परत बसवून टाका, असा आपल्या शिपायाचा सल्ला आहे. तसे केल्यास फरशी वाहणे बंद व पर्यायाने आईचे औषध बंद. शिवाय रिकामी गाडी मागून उंच दिसते म्हणून आपण ती नापास करता आणि भरलेली असली की भार जास्त म्हणून नापास करता. ती नेमकी कोणत्या अवस्थेत आणावी, याचे मार्गदर्शन व्हावे.

५. तरी पाट्यांस मंजुरी देऊन गाडी आजच सोडावी आणि सीट व स्टेअरिंगप्रमाणेच वाळूचीही गाडीच्या भागांत नोंद व्हावी. शंका असल्यास आपण स्वतः मागे आडवे होऊन एक फेरी वाळूसह व एक वाळूशिवाय करावी. गादी मी आणतो. मात्र आईचा निरोप आहे की, साहेबांना दुसरी फेरी घडवू नकोस, त्यांच्याही घरी कोणी वाट बघत असेल.

६. आणखी एक. परवान्यात वाळूचे वजन लिहू नये, तो रकाना कोरा सोडावा. इस्पितळात दर खेपेस आईचे वजन करतात व ते उतरत चालले आहे. तिचे जेवढे कमी होते, तेवढी वाळू मला वाढवावी लागते.

उद्या मंगळवार आहे.

नाक्यावर आपल्याच पथकास पुन्हा भेटणारा,
आपला नम्र,
(सही)
करड्या गाडीचा मालक, फरशीवाला
दिनांक : सोमवार, कार्यालय उघडण्यापूर्वी

सोबत : १) मिस्त्रीची चिठ्ठी.
२) इस्पितळाचा कागद.
३) वाळूचा नमुना, एक पुडी. तपासून झाल्यावर परत मिळावी, लागणार आहे.