कांद्याच्या वावरात पावणेअठरा किलोमीटर

धायरी, पुणे
सोमवार, सकाळ

ती. विजयमाला आत्यांना जयसिंगचा वाकून नमस्कार. लोणी काळभोरला सगळे खुशाल असतील, तुमचा गुडघा खुरपायला बसू देत असेल आणि तांबडी गाय व्याली असेल, असं धरून चालतो. इकडे दादांची आणि माझी तब्येत कशी आहे ते कळवायला चार ओळी लिहीत आहे (चारात मावणार नाही, हे आधीच सांगतो).

झालं असं, की आमच्या सोसायटीचे चेअरमन दीनानाथराव यांनी त्यांच्या हेमाचं माझ्याशी ठरवताना पत्रिका मागितली नाही, रक्ताचा रिपोर्ट मागितला. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सहा पूर्णांक तीन आला (दहावीला दोनदा बसलो, पण माझा आकडा जास्त येण्याची ही पहिलीच वेळ). डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधुमेह अजून नाही, पण उंबरठ्यावर उभा आहे. दादांना आहे, आजोबांना नव्हता, तुम्हांला अडुसष्टाव्या वर्षीही नाही, आणि रक्त तर सगळ्यांचं एकच, मग असं कसं, असं मी विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, आजोबा किती भाकऱ्या खायचे? चार. वडील? चार. आजोबा खाऊन काय करायचे? नांगर धरायचे. आणि वडील? खरं सांगायचं तर दादा गेटजवळ खुर्ची टाकून आपल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगी मोजतात (तीनच आहेत, तरी रोज मोजतात). मी शेजारच्या खुर्चीत असतो. बाई म्हणाल्या, "रक्त काही बदलता यायचं नाही. खुर्ची सोडा. आजोबा चालायचे तेवढं चाला."

हे मी मनावर घेतलं. नऊ इंची नांगरट धरली तर एका एकराला पावणेअठरा किलोमीटर चाल होते (तीनदा ताडून पाहिलं आहे). एका दिवसात तेवढं झेपेना, म्हणून रोजचे चार ठरवले. सोसायटीची बाग म्हणजे आपलं कांद्याचं वावरच. तिथे गोल चालायला फरशा टाकल्या आहेत, पण आजोबा काही गोल नांगरत नव्हते. मी हिरवळीवर दोरी लावली आणि या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत जायचं, नऊ इंच सरकायचं, वहीत खूण करायची, परत यायचं, असं सुरू केलं. चौथ्या दिवशी बोभाटा झाला, की मूळ मालकाचा मुलगा जमीन मोजतोय. सहाव्या दिवशी तातडीची मीटिंग लागली. कुणी खरेदीखत आणलं, कुणी थेट वकील. दीनानाथराव माझ्या दोरीवर पाय देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, मुलगी मागितलीत ते ठीक. आता वावरही परत हवंय का?"

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती शेवटच्या पानापर्यंत वाचली, वकिलाला जरा लांब पाठवलं आणि हळूच विचारलं, की याने साखर खरंच उतरते का? त्यांची दादांहून जास्त निघाली. आता रोज सकाळी पुढे मी, मागे दीनानाथराव, त्यांच्यामागे वकिलासकट नऊ जण, असे सगळे नऊ-नऊ इंच सरकत असतो. हिरवळ मेली. तीन महिन्यांनी माझा आकडा पाच पूर्णांक सहावर आला.

तारीख निघाली असं तुम्हांला वाटेल. पण दीनानाथराव म्हणतात, पोरांना रक्त दोन्हीकडून तसलंच येणार, निदान खुर्चीतला आजोबा तरी त्यांच्या नजरेला पडू नये. दादा चालू लागले की दुसऱ्या दिवशी तारीख. आणि दादा म्हणतात, "माझ्याच जमिनीत मी पाहुण्यासारखा फिरणार नाही."

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद (सोबत खाऊ नाही, कारण वर आलेलंच आहे).

तुमचा भाचा
जयसिंग

ता. क. १ : खरं काम राहिलंच. तुम्ही हक्कसोडपत्रावर सही केलीत तेव्हा माहेरचं काहीच मागितलं नाहीत. आता आजोबांचं पितळेचं ताट मागा. त्यात चार भाकऱ्या मावतात, आमच्या स्टीलच्या ताटलीत दोनच. बहिणीला दादा नाही म्हणायचे नाहीत.

ता. क. २ : ताट फोनवर मागू नका, दादांना पत्र लिहा, आणि त्यात मुद्दाम काहीतरी अर्धवट सोडा, म्हणजे दादांना विचारायला उलट टपाली लिहावं लागेल. टपालपेटी सोसायटीबाहेर दीड किलोमीटरवर आहे. हे पत्र टाकायला तेच निघाले आहेत, चपला घालून दारात उभे आहेत, म्हणून इथेच थांबतो (येतानाही दीड).